लाल ठिपक्याला रकाना नव्हता

१

टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर जयराजचा फोटो आला. त्याखाली त्याचं नाव उमटलं, गाव उमटलं, जन्माची आणि वीरमरणाची तारीख उमटली, आणि निमणवाडीच्या समाजमंदिरात बसलेली दोन-अडीचशे माणसं गपगार झाली. सकाळचे अकरा वाजले होते. पुढच्या रांगेत जयराजचे वडील, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार मानसिंग काटकर, छातीला पदकं लावून ताठ बसले होते. शेजारी आई, लीलाबाई. एक शब्दसुद्धा सुटू नये म्हणून त्यांनी पदर कानामागं खोवला होता.

फोटो सरला आणि आवाज सुरू झाला.

"यंदा थंडी उशिरा पडली, म्हणून स्ट्रॉबेरीला फूल धरायला वेळ लागला. पण फळ बघा कसलं भारी आलंय!"

पडद्यावर महाबळेश्वरकडचे कुणी आप्पासो नावाचे बागायतदार वाफ्यात उकिडवे बसून हातातली फळं दाखवत होते. खालची पट्टी मात्र तशीच: शहीद जयराज मानसिंग काटकर.

मागं कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच विझलं. लीलाबाई उठून उभ्या राहिल्या. आधी त्यांना वाटलं, हे संपेल आणि मग जया येईल. मिनिटभर त्या तशाच वाट बघत उभ्या होत्या. मग त्या वळल्या.

"ह्यो माझा जया न्हवं," त्या म्हणाल्या. "आवं, माझ्या जयाचा आवाज कुटं गेला?"

भिंतीला टेकून उभी असलेली क्रांती यादव टीव्ही बंद करायला धावली. सांगलीच्या 'पाणवठा' या केबल वाहिनीचा सगळा चित्रसंग्रह तिच्या ताब्यात होता. कुठल्या चित्रणात कोण आहे, कुठलं गाव, कुठली तारीख, ही सारी यादी तिनेच दोन वर्षं खपून उभी केली होती. आणि आठवड्यापूर्वी लीलाबाईंना फोन करून तिनेच आनंदानं सांगितलं होतं, "काकू, दरवर्षी दोनच मिनिटं दाखवतो ना? यंदा जयराजची मुलाखत पूर्ण दाखवणार आहोत. सत्तावीस मिनिटं."

२

पाणवठ्याचं कार्यालय कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत होतं, एका बंद पडलेल्या लेथच्या वर्कशॉपमध्ये. तीस वर्षांची चित्रणं तिथल्या कपाटांत होती. जत्रा, कुस्त्या, पूर, सभा, लग्नं, धनगरी ओव्या. आधी कॅसेटी, मग मेमरी कार्डं. प्रत्येकाबरोबर एक कागदी चिठ्ठी असायची आणि ती कॅमेरामन नाथाजी माने यांच्या अक्षरात असायची.

क्रांतीनं ते सगळं संगणकावर आणलं. प्रत्येक क्लिपला अकरा रकान्यांची नोंद. नवीन पोरं त्याला मेटाडेटा म्हणत, नाथाजी कुंडली म्हणत. ही एकच नोंद सगळ्यांना लागू होती. संकलनाच्या खोलीत तीच, प्रक्षेपणात तीच, मोबाइलवर तीच. एका ठिकाणी नाव बदललं की सगळीकडं बदलायचं. आणि त्या नोंदींवर विसंबून यंत्र आपलं आपण कार्यक्रम बांधायचं. आज कुणाचा स्मृतिदिन आहे ते तारखेवरून ओळखायचं, त्या माणसाचा फोटो घ्यायचं, मुलाखत घ्यायचं, पट्टी लिहायचं आणि रांगेत लावायचं. माणसाचा हात लागत नव्हता.

"हात लागत नाही म्हणता, मग हे केलं कुणी?" वाहिनीचे मालक वीरधवल पाटील टेबलावर झुकून विचारत होते. निमणवाडीहून त्यांना दिवसभर फोन येत होते. "शहिदाच्या नावाखाली स्ट्रॉबेरी! त्या गावात मी तोंड कसं दाखवू?"

क्रांतीनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला. "यंत्रानं चूक केली नाही. त्याला जे लिहून दिलं ते त्यानं दाखवलं. मंगळवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी कुणीतरी जयराजची नोंद त्याच्या क्लिपवरून काढून आप्पासोंच्या क्लिपला लावली."

"कुणाच्या नावानं?"

यंत्रात बदल करताना ज्याचं खातं उघडं असेल त्याचं नाव उमटायचं. "ऋषिराजच्या."

दारात उभा असलेला ऋषिराज पांढरा पडला. चोवीस वर्षांचा पोरगा, स्वयंचलित रांगेचं सगळं काम त्याच्याकडं होतं.

"सोमवारपर्यंत ती मुलाखत सापडली नाही," वीरधवल म्हणाले, "तर मी पोलिसात जाणार आणि तक्रारीत ह्याचं नाव देणार."

३

आधी क्रांतीनं एक साधी गोष्ट तपासली. मंगळवारी सकाळी संग्रहात आठ हजार चारशे त्रेसष्ट क्लिपा होत्या. आज किती? तितक्याच. म्हणजे काहीही पुसलं गेलं नव्हतं. जयराज याच संग्रहात होता, पण दुसऱ्या कुणाच्या नावानं. नोंद कुठं गेली ते यंत्र दाखवायचं, मागं राहिलेली क्लिप कुठल्या नावाखाली गेली ते ठेवत नव्हतं. आठ हजार नावांत एक खोटं नाव कसं शोधायचं?

"ऋषिराज, मंगळवारी दुपारी तू कुठं होतास?"

"मॅडम, मी निमणवाडीला. पडदा कुठं लावायचा ते बघायला गेलेलो. सरपंचांनी जेवू घातलं, विचारा त्यांना." त्यानं सरपंचांचा नंबर पुढं केला. "पण माझा संगणक उघडाच असतो. सगळ्यांना माहीत आहे."

तिने सरपंचांना फोन केला. पोरगा खरं बोलत होता. दीडच्या सुमाराला तो त्यांच्या ओसरीवर पिठलं खात होता.

मग मंगळवारी दुपारी कुपवाडला कोण होतं? चौकीदाराच्या वहीत तीन नावं मिळाली. एक वीरधवल. दुसरे नाथाजी. आणि तिसरं नाव वाचून क्रांती थबकली. शिवतेज काटकर, निमणवाडी. जयराजचा धाकटा भाऊ.

वीरधवलांना विचारायला तिला धीर गोळा करावा लागला. ते चिडले नाहीत, उलट खुर्चीत मागं टेकले. "माझ्यावर संशय घेतेस ते बरोबर आहे. पुण्याची एक संस्था फौजींच्या मुलाखती विकत मागतेय, आणि काटकरांनी संमतीच्या कागदावर सही केली नाही. पण सहीसाठी मला तो पोरगा गावापुढं दाखवायला हवा होता, क्रांती. लपवायला नव्हे."

हे तिला पटलं.

शिवतेजला तिने फोनवर गाठलं. तो साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. पाठीमागं यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता.

"व्हय, आलो हुतो मंगळवारी," तो म्हणाला. "दादाचं फोटो द्यायला. सायबांच्या केबिनीत बसलो, च्या पिलो, गेलो. त्या खोलीत कशाला जातोय मी?"

"घरून फोटो द्यायला कुणी सांगितलं?"

"आबांनी. आबा म्हणालं, मीबी येतो. मग कराडपस्तोर आलं आन म्हणालं, तू जा फुडं, मी न्हाई येत. आन एक चिठ्ठी दिली नाथाजीकाकांना द्यायला."

क्रांतीनं फोन घट्ट धरला. "कसली चिठ्ठी?"

"घडी घातलेली. मी उघडली न्हाई."

४

नाथाजी माने बासष्ट वर्षांचे. गुडघ्यावर हात ठेवून जिने चढणारे, दुपारी डबा खाऊन कपाटांच्या खोलीत दहा मिनिटं डोळे मिटणारे. क्रांतीनं संग्रह हातात घेतला तेव्हा लोकांना वाटलं होतं, म्हातारा आडवा येणार. ते आडवे आले नाहीत. तिच्याशेजारी बसून त्यांनी आठ हजार चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. "ह्यो आवाज कुणाचा वळखला का? कवठ्याच्या धोंडुबाईचा. गेली ती. लिव्हा."

"काका, मानसिंगकाकांनी तुम्हाला चिठ्ठी पाठवली होती?"

"हुती."

"काय होतं त्यात?"

"घरचं हुतं काय तरी."

"काका, ऋषिराजची नोकरी जाईल. पोलिसात नाव जाईल."

नाथाजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि परत घातला. "त्या पोराचं काय वाकडं व्हायचं न्हाई, ताई. तशी येळ आली तर मी बोलीन. पर आज न्हाई."

त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. पण हो म्हटलं असंही कुणाला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी क्रांती घरी गेली नाही. तिने मनाशी विचार केला. नाव माणूस लिहितो, गाव माणूस लिहितो, तेव्हा त्यात खोटं घुसू शकतं. पण एक रकाना यंत्र स्वतः भरतं आणि त्याला कुणालाही हात लावता येत नाही. तो म्हणजे क्लिपची लांबी.

आठवड्यापूर्वी छापलेल्या कार्यक्रमाच्या यादीत जयराजची मुलाखत सत्तावीस मिनिटं चौदा सेकंदांची होती. तिने सगळा संग्रह लांबीनुसार लावला आणि ओळी उतरत गेली. सत्तावीस-चौदाच्या तीन क्लिपा निघाल्या. एक विट्याच्या कुस्त्या. दुसरी म्हैसाळच्या पाण्याची सभा. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: चाचणी पट्टी.

चाचणी पट्टी म्हणजे कॅमेरा तपासायला घेतलेलं काळं चित्र. ते मिनिटाच्या वर कधीच नसतं.

तिने क्लिप उघडली. लाकडी खुर्चीत, पांढऱ्या शर्टात, केस बारीक कापलेला एक तरुण बसला होता. "सुरू करू का, काका?" त्यानं विचारलं आणि तो हसला.

५

ती ऐकत राहिली. पहिली एकवीस मिनिटं कुठल्याही फौजीची असावीत तशी होती. शाळेतलं लेझीम, भरतीची धाव, पहिलं बर्फ, घरचं कालवण. जयराज फौजेत ट्रकचा ड्रायव्हर होता, डोंगरातल्या रस्त्यांवर माल न्यायचा. मग नाथाजींचा आवाज आला, "झालं बग. लय ब्येस बोललास." चित्र हललं. कॅमेरा कुठंतरी टेकवला गेला आणि पडद्यावर नुसती फरशी आणि खाटेचा पाय दिसू लागला.

"काका, क्यामेरा बंद हाय न्हवं?"

"बंद हाय की. बोल."

तो बंद नव्हता.

मग जयराजचा आवाज आला. हा आवाज वेगळा होता, खाली गेलेला.

"काका, माजं हात कापत्यात. ष्टेरिंगवर. वळणाला गाडी घातली की कापत्यात. म्होरची गाडी दरीत गेली माज्या डोळ्यांदेखत, दोन म्हैनं झालं. तवापासनं झोप न्हाई. सायेबांना सांगून दुसऱ्या कामाला जावं, न्हाईतर नाव कमी करून घरी यावं, असं वाटतंय. आबांना सांगितलं. ते म्हणालं, आपल्या घरातला कुणी मधनंच माघारी आला न्हाई. थोडं दिस जातील, हात थांबतील. परवा सोता मला सातारा स्टँडवर सोडायला येणार हायेत."

"मी बोलू का मानसिंगाशी?" नाथाजींनी विचारलं.

"नगं, काका. ते फौजी हायेत. त्यांना ह्ये कळायचं न्हाई. तुमाला सांगितलं, हलकं वाटलं. बास."

त्याच वेळी खोलीच्या बाहेर काहीतरी पडलं. स्टीलचा पेला असावा. तो फरशीवर गडगडत गेला आणि थांबला. "कोण हाय?" जयराजनं विचारलं. उत्तर आलं नाही. चपलांचा आवाज मात्र लांब गेला.

क्रांतीनं क्लिप थांबवली. या चित्रणानंतर अकराव्या दिवशी जयराजचा ट्रक दरीत कोसळला होता. ती तारीख तिने स्वतः रकान्यात भरली होती.

६

दुसऱ्या दिवशी ती कपाटांच्या खोलीत गेली आणि नाथाजींसमोर बसली.

"काका, जयराज सापडला. आता मी सांगते, तुम्ही फक्त ऐका. ज्यानं हे केलं त्याला दोनच नावांची अदलाबदल करायची होती. जयराजच्या नावाखाली काळी चाचणी पट्टी लागली असती, गावाला वाटलं असतं बिघाड झालाय, आणि कुणाला काही कळलं नसतं. पण एक नाव बदललं की पडद्यावरच्या ओळी वरखाली होतात. त्याचा हात भलत्या ओळीवर पडला आणि आप्पासो मध्ये आले. ऋषिराजकडून अशी चूक झाली नसती. हे संगणकाची सवय नसलेल्या माणसाचं काम."

नाथाजी खाली बघत होते.

"दुसरं. त्या खोट्या नोंदीत तारखेपुढं वार लिहिलाय. बुधवार. माझ्या यादीत वाराला जागाच नाही, कुणी लिहीत नाही. तुमच्या चिठ्ठ्यांवर मात्र प्रत्येक तारखेला वार आहे. आणि तिसरं म्हणजे ती तारीख. नाव खोटं, विषय खोटा, पण तारीख खरी. जयराजचं चित्रण झालं तीच. काका, तुम्हाला खोटी तारीख लिहिता आली नाही."

"तीस वरसं लिव्हतोय," नाथाजी हळूच म्हणाले. "हात वळला न्हाई."

त्यांनी खालच्या खणातून चिठ्ठ्यांचं बोचकं काढलं आणि एक चिठ्ठी तिच्यापुढं ठेवली. जयराज काटकर, निमणवाडी, तारीख, बुधवार. कोपऱ्यात शाईचा लाल ठिपका होता.

"चाळीसेक चिठ्ठ्यांवर हाय असा. लाल म्हंजे सगळं दाखवायचं न्हाई. कुनी रडलेलं असतं, कुनी रागात बोललेलं असतं. मला म्हाईत असायचं, कुठपस्तोर घ्यायचं. दरसाली मीच त्यातली दोन मिंटं काढून द्यायचो. तुमी यादी करत हुता तवा इचारलं हुतं मी, ताई, ठिपक्याला रकाना कुठला?"

क्रांतीला ते आठवलं. जानेवारीतली दुपार, साडेतीनशे चिठ्ठ्या बाकी, आणि ती म्हणाली होती, "ते नंतर बघू, काका." ते नंतर कधी आलंच नाही. यंत्राला अकरा रकाने मिळाले आणि माणसाला जे माहीत होतं ते बाराव्यात राहिलं.

"मग मला का नाही सांगितलंत? मी मुलाखत रांगेतून काढली असती."

"ऋषिराजला म्हणलं हुतं, येवढं काप. तो म्हणला, मशीन करतं, काका. तुमाला सांगायचं तर का कापायचं ते सांगावं लागलं असतं." ते थांबले. "क्यामेरा बंद हाय म्हणून मी त्याला जबान दिली हुती. मला खरंच वाटलं हुतं, बंद हाय. दहा-बारा दिसांनी लावून बगितलं तवा कळलं. पुसायला गेलो, पर तवर तो गेला हुता. गेलेल्या पोराचा आवाज कसा पुसायचा?"

"आणि मानसिंगकाकांची चिठ्ठी?"

नाथाजींनी खिशातून ती काढून दिली. शाळकरी वळणाचं अक्षर होतं. 'नाथाजी, लीला म्हणते यंदा पूर्ण दाखवणार. त्या दिवशी दाराबाहेर मी होतो. तिला ऐकू देऊ नको. हात जोडतो.'

७

निमणवाडीत मानसिंग तिला घरात न नेता शाळेमागच्या बाकावर घेऊन गेले. क्रांतीनं चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली नाही, नुसती धरली.

"पाणी द्यायला गेलतो," ते म्हणाले. "नाथाजीला न पोराला. ऐकलं, आन पेला पडला. आत जाऊन त्याला जवळ घ्यायचं, का न्हाई? पर मी भायेर गेलो. गोठ्यात जाऊन हुबा ऱ्हायलो. मनात म्हणलं, परवा स्टँडवर बोलू. स्टँडवर गाडी लागली, त्यो पाया पडला, आन मी काय म्हणलं म्हाईताय? 'पोचल्यावर फोन कर.' बास."

"काका, काकूंना आवाज हवाय. मी तो त्यांना कापून देऊ शकते. पहिली एकवीस मिनिटं. त्यांना कधीच कळणार नाही. पण ते तुम्ही ठरवायचं, मी नाही, आणि नाथाजीकाकांनीही नाही."

मानसिंगांनी चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली. "तीन वरसं तिच्यापुढं जेवतोय मी," ते म्हणाले. "घास उतरत न्हाई, ताई."

सोमवारी सकाळी मानसिंग आणि लीलाबाई एसटीनं सांगलीला आले. त्याआधी नाथाजींनी वीरधवलांना सगळं सांगितलं होतं आणि राजीनामा पुढं ठेवला होता. वीरधवलांनी तो ठेवून घेतला. ऋषिराजचं नाव सुटलं, पण पोरगा दिवसभर कपाटांच्या खोलीच्या दाराशी घुटमळत होता आणि आत जायचा धीर त्याला होत नव्हता. क्रांतीनं त्या दिवसापासून गेलेल्या माणसांचे कार्यक्रम यंत्राकडून काढून घेतले. ते आता कुणीतरी बसून, ऐकून करायचे होते.

तिने काटकरांना संकलनाच्या खोलीत बसवलं, क्लिप लावली आणि उठली. लीलाबाईंनी तिचा हात धरला. "बस, लेकी. यंत्र बंद पडलं तर आमाला कळायचं न्हाई."

जयराज हसला तेव्हा लीलाबाईही हसल्या. लेझमाच्या गोष्टीवर त्या म्हणाल्या, "खोटं बोलतंय, पयला न्हवता आला, तिसरा आलता." मग फरशी आली, खाटेचा पाय आला. मानसिंगांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले. पेला पडला, गडगडला. कोण हाय, जयराजनं विचारलं.

"मी हुतो," मानसिंग म्हणाले. "लीला, मी हुतो भायेर. सगळं ऐकलं हुतं मी."

चित्र संपलं. लीलाबाई पडद्याकडंच बघत होत्या.

"मला सांगितलं हुतं त्यानं," त्या म्हणाल्या.

मानसिंगांनी मान वर केली.

"तुमच्या आधी मला सांगितलं. चुलीपाशी बसून. आय, हात कापत्यात म्हणला. मी तेल कोमट केलं, दोन्ही हातांना चोळलं. न्हानपणी चोळायची तसं. आन म्हणलं, आबांच्या म्होरं असं बोलू नगं. त्यांच्या मनाला लागंल. जा तू." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "तुमाला कळलं तर तुमी सोताला खाशीला, म्हणून मी गप ऱ्हायले. तीन वरसं."

क्रांती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. नवराबायको एकमेकांना शिवले नाहीत, रडले नाहीत. लीलाबाईंनी एकदाच विचारलं, "त्ये मगाचं परत लावशील का, बाय? लेझमाचं?"

तिने लावलं. तीनदा लावलं.

दुपारी क्रांतीनं त्यांना सांगलीच्या स्टँडवर सोडलं. सातारा गाडी लागलेली होती आणि बरीच रिकामी होती. लीलाबाई आत चढल्या, खिडकीशी बसल्या. मानसिंग चढले आणि त्यांच्या सीटशी येऊन थांबले. शेजारी जागा होती, मागं होती, पुढं होती. कंडक्टर म्हणाला, "बाबा, बसून घ्या, लांबचा पल्ला हाय."

मानसिंग वरच्या दांडीला धरून उभेच राहिले. लीलाबाईंनी त्यांच्याकडं वर बघितलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. गाडी हलली, स्टँडच्या तोंडाशी वळली. काचेतून क्रांतीला दिसलं, दांडीवरचा तो म्हातारा हात थरथरत होता, आणि लीलाबाई खालून हात उंचावून त्याच्या मनगटापर्यंत पोचायला बघत होत्या.